पोळ, रांगडा, उन्हाळ

निफाड, येवला किंवा चांदवडच्या शेतकऱ्याला ‘यंदा कोणता कांदा?’ असे विचारले, तर तो रंग सांगत नाही, बियाण्याच्या कंपनीचे नावही सांगत नाही. तो हंगाम सांगतो. पोळ, रांगडा किंवा उन्हाळ. पावसाळ्यात लावून दिवाळीच्या आगेमागे निघणारा तो पोळ, बाजारात त्यालाच लाल कांदा म्हणतात. पावसाळा सरताना लावून संक्रांतीपासून होळीपर्यंत निघणारा तो रांगडा. थंडीत लावून चैत्र-वैशाखात काढायचा आणि कांदाचाळीत भरून ठेवायचा तो उन्हाळ. परसबागेत चार वाफे कांदा लावू पाहणारा शहरातला माणूस मात्र बियाण्याच्या पाकिटावरचे चित्र पाहून निवड करतो, आणि बहुतेक वेळा तिथेच फसतो. कांद्याच्या जाती आधी हंगामातून घडल्या आणि नावे त्यांना फार नंतर मिळाली. ही घडण महाराष्ट्रात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच कुठे दिसत असेल.

कांदा इथल्या मातीत फार जुना आहे. सातव्या शतकात भारतात फिरलेल्या ह्युएनत्संग या चिनी प्रवाशाने नोंदवले आहे की कांदा-लसूण खाणाऱ्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे. त्यानंतर सहाशे वर्षांनी सोलापूर जिल्ह्यातल्या अरणच्या सावता माळ्यांनी आपल्या मळ्यातल्या कांद्या-मुळ्यातच विठ्ठल पाहिला. ज्या भाजीमुळे माणूस गावाबाहेर जात होता, तिलाच एका माळ्याने देव म्हटले. मराठी संतपरंपरेतली ही गोष्ट अभंगाइतकीच शेतीच्या इतिहासासाठीही मोलाची आहे, कारण तेराव्या शतकातल्या मळ्यात कांदा हे रोजचे पीक होते असे ती सांगते.

चातुर्मासात कांदा वर्ज्य करण्याची चाल आणि त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला भजी, थालीपीठ, भरले कांदे करून साजरी होणारी कांदेनवमी अजूनही अनेक घरांत पाळली जाते. तिचे धार्मिक कारण काहीही असो, शेताचे गणित तिला धरूनच चालते. वैशाखात साठवलेला कांदा आषाढाच्या दमट हवेत सडू लागतो, त्याला कोंब फुटू लागतात. साठवण बिघडायच्या आत कांदा खाऊन संपवणे हे शहाणपणाचेच होते.

ही साठवणच उन्हाळ कांद्याची खरी निवड समिती ठरली. शेतकरी बी कसे धरतो ते पाहिले की हे कळते. एप्रिल-मेमध्ये काढलेला कांदा तो चाळीत भरतो. पाच-सहा महिने गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, त्यातला जो कांदा सडला नाही, ज्याला कोंब आला नाही, ज्याची मान बारीक आणि पापुद्रा घट्ट आहे, असा मध्यम आकाराचा कांदा तो वेचून काढतो आणि बियाण्यासाठी जमिनीत पुरतो. जोडकांदा बाजूला टाकतो. थंडी लागली की या मातृकांद्यांतून डेंगळे वर येतात, त्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गोंडे धरतात, मधमाश्या येतात आणि उन्हाळ्यात काळे बी तयार होते. टिकला नाही त्या कांद्याला पुढची पिढीच मिळत नाही. ही चाळणी पिढ्यान्‌पिढ्या, दरवर्षी चालत आली. कुणी प्रयोगशाळा काढली नव्हती, तरी सहा महिने टिकणारा कांदा तयार झाला.

पोळ कांद्याची चाळणी अगदी उलटी. दिवाळीच्या सुमारास निघालेला कांदा थोडी विश्रांती देऊन लगेच बियाण्यासाठी लावला जातो. त्यामुळे टिकण्याची परीक्षा त्याला कधी द्यावीच लागली नाही. त्याला द्यावी लागली ती पावसाची, करप्याची आणि ढगाळ हवेत पोसण्याची परीक्षा. म्हणून पोळ कांदा गडद लाल आणि तिखट असतो, तीन-साडेतीन महिन्यांत तयार होतो, पण काही आठवड्यांपलीकडे ठेवता येत नाही. त्याची पात आपणहून माना टाकत नाही. काढणीच्या आधी ती पायाने किंवा रिकामे पिंप फिरवून लोळवावी लागते.

सरकारी शेती खात्याने या गावरान कांद्यांतून निवड सुरू केली, तेव्हा त्याच्या हाती हा तयार ठेवा होता. १९६० साली आलेला एन-५३ हा नाशिकच्या स्थानिक वाणातून निवडलेला खरीप कांदा, चपटा गोल आणि जांभळट लाल. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून पुढे दोन महत्त्वाचे वाण आले. खरीप आणि रांगड्यासाठी बसवंत-७८० आणि रब्बीसाठी एन-२-४-१. एन-२-४-१ हा भगव्या-विटकरी छटेचा, गोलसर आणि चाळीत पाच-सहा महिने टिकणारा कांदा. शेतकरी ज्याला उन्हाळ म्हणत होते, त्यालाच आता आकड्यांचे नाव मिळाले. संशोधकांचे काम लहान नव्हते. एकसारखा रंग, आकार आणि खात्रीचे बी त्यांनीच दिले. पण कच्चा माल शेतकऱ्याच्या चाळीतला होता, हे विसरून चालणार नाही.

उत्तर भारतात तोवर कांदा म्हणजे फक्त रब्बीचा. पावसाळी कांदा तिथे रुजला तो महाराष्ट्रातल्या एन-५३ मुळे आणि नंतर नाशिकच्या राष्ट्रीय बागवानी प्रतिष्ठानाने काढलेल्या अॅग्रीफाउंड डार्क रेडमुळे. हे प्रतिष्ठान १९७७ साली नाफेडच्या पुढाकाराने उभे राहिले. १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालेले राष्ट्रीय कांदा-लसूण संशोधन केंद्र १९९८ मध्ये राजगुरुनगरला गेले, आणि गावाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव त्याच्या वाणांना मिळाले. भीमा सुपर, भीमा राज, भीमा रेड, भीमा डार्क रेड, भीमा किरण, भीमा शक्ती, आणि पांढऱ्यांत भीमा शुभ्रा, भीमा श्वेता. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले समर्थ आणि फुले सफेद त्याआधीपासून शेतात होते. यादी वाढत गेली, पण प्रत्येक वाणाच्या शिफारशीत पहिला शब्द अजूनही हंगामाचाच असतो.

असे का, याचे उत्तर अमेरिकेतून आले. १९२० मध्ये गार्नर आणि अॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवले की झाड दिवसाची लांबी ओळखते. पुढे १९३७ मध्ये मॅग्रुडर आणि अॅलार्ड यांनी कांद्याच्या अमेरिकी आणि युरोपी जातींवर हेच तपासले. कांदा पोसायला कधी लागायचे हे दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, आणि ही लांबी जातीजातीला वेगळी. आपले कांदे अकरा-बारा तासांच्या दिवसात पोसू लागतात. इंग्लंड किंवा अमेरिकेच्या उत्तर भागातल्या कांद्यांना चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. नाशिकला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे तिकडच्या पाकिटातला तो मोठा, गोड, पिवळा कांदा पुण्याच्या गच्चीत कितीही खतपाणी घाला, हिरवीगार पात देईल, कांदा धरणार नाही. उलट शिकागो किंवा लंडनमधल्या मराठी घराने नाशिकचे बी नेऊन तिथल्या वसंतात पेरले, तर पंधरा-सोळा तासांच्या दिवसांत रोप घाईने पोसू लागते आणि लिंबाएवढा कांदा हाती येतो. बी वाईट नसते, ते चुकीच्या अक्षांशावर पोचलेले असते.

हंगाम चुकला तर आपल्या मातीतही हेच होते. उन्हाळ कांद्याचे बी पावसाळ्यात टाकले की पात माजते आणि माना जाड होतात. पोळाचे बी थंडीत लावले की डेंगळे निघतात, जोडकांदे होतात आणि जे निघते ते टिकत नाही.

नाशिकच्या लाल कांद्यापासून दूर, समुद्राच्या कडेला वेगळाच कांदा घडला. अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव, तळवली, वाडगाव या गावांत भात कापल्यावर त्याच जमिनीत पांढरा कांदा लावतात. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरमध्येही त्याचा उल्लेख आहे. हा कांदा तिखट नाही, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी आणत नाही, गोडसर लागतो. काढल्यावर त्याची पात कापत नाहीत. पात थोडी सुकली की बायका अंगणात बसून ती एकीत एक गुंफत जातात, मोठे कांदे खाली आणि लहान वर येतील अशी. या माळा आढ्याला किंवा पडवीत टांगल्या की वारा चहूकडून लागतो. कोकणच्या दमट हवेत जमिनीवरची रास कधीच टिकली नसती, माळेतला कांदा मात्र पावसाळ्यापर्यंत जातो. गोव्यातही पावसाळ्याआधीच्या पुरुमेंताच्या, म्हणजे साठवणीच्या जिनसांच्या, बाजारात कांद्याच्या अशाच माळा येतात. अलिबागचे बी मुख्यतः त्याच गावांतल्या शेतकऱ्यांच्या घरात राहिले, म्हणूनच ते टिकले. आता त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकनाने नाव राखले जाते, पण बी राखायला दरवर्षी कुणाला तरी चांगल्या माळेतले कांदे न विकता बाजूला ठेवावे लागतात. रस्त्याकडेला भलताच पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकला जातो, तेव्हा या कष्टांची किंमत कमी होते.

संकरित बियाण्याचा मार्गही अमेरिकेतच सापडला. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे हेन्री जोन्स यांना इटालियन रेड जातीचे एक असे रोप दिसले की त्याला बीच धरत नव्हते. गोंड्यावर बियांऐवजी १३६ लहान कांद्या आल्या. त्या लावून जोन्स यांनी ते रोप जिवंत ठेवले. त्याचे पराग वांझ होते, आणि तोच त्याचा उपयोग ठरला. असे रोप मादी म्हणून वापरले की लाखो फुलांचे पुंकेसर हाताने काढत बसावे लागत नाही. १९४३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि अनेक देशांत कांदा संकरित झाला. महाराष्ट्रात मात्र आजही बहुतेक कांदा सरळ वाणाचा आहे आणि बरेचसे बी शेतकरी स्वतः धरतो. हे मागासलेपण मानणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. संकरित बियाण्याचे पुढच्या वर्षी पुन्हा तेच पीक येत नाही. सरळ वाणाचे येते, आणि निवड शेतकऱ्याच्या हातात राहते. अट एवढीच की शेजारच्या शेतात दुसऱ्या जातीचे गोंडे नकोत. प्रमाणित बियाण्यासाठी किमान चारशे मीटर अंतर राखायला सांगतात, कारण मधमाश्या बांध ओळखत नाहीत. आणि त्या मधमाश्याच फवारणीने मेल्या, तर गोंडे रिकामे राहतात.

परसबागेसाठी या सगळ्या इतिहासातून निवड सोपी होते. नवख्याने उन्हाळ कांद्यापासून सुरुवात करावी. त्यात पावसाचा त्रास नाही, करपा कमी, आणि निघालेला कांदा महिनोन्‌महिने घरात राहतो. एन-२-४-१ किंवा भीमा किरण, भीमा शक्ती यांपैकी जे बी मिळेल ते चालेल. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बिया असतात, तेव्हा घरासाठी पाच ग्रॅम बीसुद्धा पुष्कळ झाले. गादीवाफ्यावर उळे, म्हणजे रोपांसाठीचे बी, टाकल्यापासून सुमारे आठ आठवड्यांत रोपे लावणीला येतात. १५ बाय १० सेंटीमीटरवर लावली, तर एका चौरस मीटरमध्ये साठ-पासष्ट रोपे बसतात. रोप खोल पुरू नये, मुळे झाकली की झाले. नत्र उशिरापर्यंत देत राहिले तर माना जाड होतात आणि कांदा टिकत नाही. अर्ध्या रोपांनी माना टाकल्या की काढणीची वेळ झाली. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. काढलेला कांदा तीन-चार दिवस वाफ्यातच पातीखाली झाकून सुकवावा, मग दोन बोटे मान ठेवून पात कापावी.

पावसाळ्यातही कांदा हवाच असेल, तर भीमा सुपर किंवा फुले समर्थ घ्यावा, वाफा उंच करावा आणि निघालेला कांदा लवकर खाऊन टाकावा. त्याला टिकवायचा प्रयत्न करू नये.

बी घेताना पाकिटावर दोनच गोष्टी पाहाव्यात, हंगाम आणि वर्ष. साध्या साठवणीत कांद्याचे बी वर्षभरानंतर नीट उगवत नाही, म्हणून ते याच वर्षीचे हवे. उन्हाळ कांद्याचे उळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकायचे असते. आणि पुढच्या दिवाळीला टोपलीत तळाशी दहा-बारा कांदे कडक राहिलेले दिसले, तर ते भाजीत घालू नका, बियाण्यासाठी लावा.