दमट हवा आणि जुना ठेवा

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. 1895 सालचा त्यांचा जन्म. तिथल्या पावसाळ्यात ट्रंकेतल्या कागदाला बुरशी येते, कोयता गंजतो, हे कोकणच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे 2024 च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती शिवरायांनी 1659 साली वापरलेलीच, असे सिद्ध करता येत नाही, हे लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते. पण गंजाला त्याचे काय? आणि महिना तर ऐन आषाढाचा!

असली पोलादी वस्तू आली, की पेटी लगेच उघडायची नसते. थंड धातूला दमट वारा लागला, की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसेच होते. म्हणून पेटी 24 तास तशीच बंद ठेवण्याचा रिवाज आहे. पुढे काचपेटीत सिलिका जेलचे खडे ठेवतात. ते हवेतली ओल शोषून घेतात.

पोथीचे दुखणे निराळे. तिला ओल नको, तसा फार कोरडेपणाही नको, आणि प्रखर उजेड तर मुळीच नको. तेव्हा गुरुजी, शाळेचे जुने दप्तर ओलसर भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पण वाळवायला म्हणून उन्हात घालू नका.