तळटीप : बोरिंग हेड

बोरिंग हेड : मिलिंग मशीनच्या स्पिंडलमध्ये बसवून, एकाच धारेच्या टूलने आधी पाडलेले भोक हव्या मापापर्यंत मोठे करण्याचे साधन. लेखकाने ‘फेरे कमी ठेवावेत’ एवढेच म्हटले आहे. त्यामागचे कारण शिकाऊ कामगाराला कळलेच पाहिजे. बोअर वाढवताना हेडची स्लाइड मध्यापासून बाजूला सरकते आणि तोल ढळतो. अशा वेळी फेरे दुप्पट केले तर बाहेर ओढणारा जोर चौपट होतो. मशीन थरथरते, बोअरच्या अंगावर लाटा उमटतात. वेग बोअरच्या व्यासावरून काढावा : साध्या पोलादातल्या ६० मिमी बोअरला हाय-स्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला सुमारे १३० फेरे, स्लाइड फार बाहेर असल्यास आणखी कमी.

स्लाइड हलवायची ती स्पिंडल पूर्ण थांबल्यावरच. मग लॉक-स्क्रू आवळून ॲलन की लगेच काढून घ्यावी. हेडमध्ये राहिलेली की मशीन सुरू होताच अंगावर भिरकावली जाते. स्पिंडल आधी हाताने एकदा फिरवून बार क्लॅम्पला किंवा व्हाइसला अडत नाही ना, हे पाहावे. हातमोजे घालू नयेत. डायलचे आकडे त्रिज्येचे की व्यासाचे, हे मात्र हेडगणिक बदलते.