वाचनमात्र वेष्टनाची एकक चाचणी

वाचनमात्र वेष्टन अर्थात रीड-ओन्ली रॅपर हे संगणकीय आज्ञावलीतील परिवर्तनीय विदासंरचनेवर घातलेले आवरण होय. त्यातून आतील विदा वाचता येते, बदलता येत नाही. हे आवरण अपेक्षेप्रमाणे वागते की नाही, हे स्वतंत्रपणे तपासणाऱ्या छोट्या आज्ञावलीस त्याची एकक चाचणी किंवा युनिट टेस्ट म्हणतात.

स्वरूप

जावा भाषेत १.२ या आवृत्तीपासून (१९९८) ‘कलेक्शन्स’ वर्गात अशी वेष्टने उपलब्ध आहेत. पायथनमधील ‘मॅपिंग-प्रॉक्सी-टाइप’ आणि सी शार्पमधील ‘रीड-ओन्ली-कलेक्शन’ ही याच प्रकारची साधने होत.

वेष्टन ही मूळ विदेची प्रत नसते. उदाहरणार्थ, दापोली तालुक्यातील मुरुड, हर्णै व आंजर्ले या गावांची यादी वेष्टनातून दिल्यास वाचणाऱ्यास तीत भर घालता येत नाही. परंतु मूळ यादी हाती असलेल्या आज्ञावलीने केळशीचे नाव जोडताच ते वेष्टनातूनही दिसू लागते. म्हणून ‘वाचनमात्र’ आणि ‘अपरिवर्तनीय’ या संज्ञा समानार्थी नाहीत. बदलांपासून अलिप्त यादी हवी असल्यास प्रत घ्यावी लागते. जावाच्या दहाव्या आवृत्तीपासून (२०१८) त्यासाठी ‘लिस्ट.कॉपीऑफ’ ही सोय आहे.

चाचणीत तपासावयाच्या बाबी

१. वाचन : घटकांची संख्या, क्रम व मूल्ये मूळ विदेशी जुळतात.
२. नकार : भर घालणे, वगळणे, बदलणे, क्रम लावणे व रिकामे करणे यांपैकी प्रत्येक प्रयत्न नाकारला जातो. इटरेटर किंवा उपयादी यांसारख्या आडवाटाही तपासाव्या लागतात. नकार म्हणून जावात ‘अनसपोर्टेड-ऑपरेशन-एक्सेप्शन’, तर पायथनमध्ये मूल्य बदलू पाहिल्यास ‘टाइप-एरर’ हा अपवाद उद्भवतो.
३. अबाधितता : नकारानंतर मूळ विदा जशीच्या तशी राहते.
४. प्रतिबिंब : मूळ विदेतील बदल वेष्टनातून दिसतो.

सामान्य चुका

अपवाद ‘ट्राय-कॅच’ रचनेत पकडून, तो न उद्भवल्यास चाचणी अयशस्वी ठरवण्याची आज्ञा लिहिण्याचे राहून गेले, तर सदोष वेष्टनही उत्तीर्ण ठरते. अशी चाचणी खोटी खात्री देत असल्याने ती नसण्यापेक्षा अधिक घातक असते. जे-युनिट ५ मधील ‘असर्ट-थ्रोज’ वापरल्यास ही चूक टळते, कारण अपवाद न उद्भवल्यास चाचणी आपोआप अयशस्वी ठरते.

मर्यादा

वेष्टनाचे संरक्षण वरवरचे असते. यादीतील घटक स्वतः परिवर्तनीय असतील, तर यादीला धक्का न लावता त्यांच्या आतील मूल्ये बदलता येतात. ही मर्यादा दाखवणारी चाचणी लिहून ठेवल्यास पुढे ती आज्ञावली हाताळणाऱ्यांचा गैरसमज टळतो.