कोल्हापुरी पायात घालण्याआधी

हंपीला जायचं ठरलं तेव्हा मला दिवसभर चालता येईल अशी सपाट चप्पल हवी होती. शिवाय ती कुर्त्यावर उठून दिसायला हवी होती. रस्त्यावरच्या एका दुकानातून ३०० रुपयांची ‘कोल्हापुरी’ उचलली. दुसऱ्याच दिवशी विठ्ठल मंदिराच्या वाटेवर तिचा तळ सुटला. पुढचा सगळा रस्ता मी तापलेल्या दगडांवरून अनवाणी चालले.

परतताना कोल्हापूरला थांबले. चप्पल लाईनमधल्या एका काकांनी तो तळ उलटा करून बघितला आणि हसले. “ताई, ही शिवलेलीच नाही. नुसती चिकटवलीय.”

मग त्यांनी खरी चप्पल दाखवली. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, रापीने कापलेला तळ, आरीने भोक पाडून चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण. खिळा कुठेच नाही. म्हणून ती वाकते आणि हळूहळू घालणाऱ्याच्या पायाचा आकार घेते. शेताच्या बांधावरून आणि बाजाराच्या वाटेवर मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसांसाठी ती घडत गेली. फॅशन नंतर आली.

पण ज्यांनी ती घडवली, त्यांच्या वाट्याला काय आलं?

सोलापूरच्या पलीकडे, बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथे बसवण्णांच्या शरणांमध्ये हरळय्या नावाचे चर्मकार होते. परंपरा सांगते, की त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी पादत्राणं शिवली. बसवण्णांनी ती पायात न घालता डोक्यावर ठेवली. पुढे हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातून आलेल्या मधुवरस यांच्या मुलीशी झालं. त्याची शिक्षा म्हणून राजा बिज्जळाच्या राज्यात दोन्ही बापांना मृत्युदंड मिळाला. चपलेचा मान झाला, पण ती शिवणाऱ्याच्या लेकाला जावई म्हणून स्वीकारणं त्या समाजाला झेपलं नाही.

ही गोष्ट तिथेच संपली असती तर बरं झालं असतं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत, कारण हे कसब राज्यांच्या सीमेच्या कितीतरी आधीचं आहे. तरीही जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने हुबेहूब तशीच सँडल आणली, तेव्हा ती फक्त ‘चामड्याची सँडल’ होती. इथे गदारोळ झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं.

मला राग आला होता. पण तळ सुटलेली ती चप्पल हातात धरून उभी असताना आठवलं, की मीसुद्धा ती कुणी केली हे विचारलं नव्हतं. फक्त भाव पाडला होता.

काकांकडून मी एक जोड घेतला. या वेळी घासाघीस केली नाही. त्यांनी बजावलं, “तेलाचा हात फिरवा, आठवडाभर घरातच घाला, मग प्रवासाला न्या. आणि पावसात नाही हं.” पहिले तीन दिवस अंगठा चांगलाच सोलवटला. चौथ्या दिवशी चप्पल नरम पडली.

आता कुणी प्रवासासाठी कोल्हापुरी घ्यायला निघालं, की मी सांगते: आधी उलटी करून शिवण बघा. मग विचारा, ही कुणी शिवली?