चयापचयाचं शहर : टोक्यो ते बेलापूर

मंडळी, आपल्या रत्नागिरीत घर कसं वाढतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. मुलाचं लग्न ठरलं की मागच्या पडवीला भिंत घालून खोली काढायची. गवंडी गावातला, चिरा गावातला. घर बदलतं, पण घर तेच.

हाच विचार 1960 साली टोक्योत काही तरुणांनी मोठ्या प्रमाणावर मांडला. तिथे जागतिक डिझाईन परिषद भरली होती. त्या निमित्ताने किकुताके, कुरोकावा, माकी, ओताका हे वास्तुरचनाकार आणि कावाझोए हे समीक्षक, यांनी एक पुस्तिका काढली : ‘मेटाबोलिझम 1960’. मेटाबोलिझम म्हणजे चयापचय. कुरोकावा तेव्हा अवघा सव्वीस वर्षांचा. युद्धात बेचिराख झालेली शहरं या पिढीने लहानपणी पाहिलेली. त्यांचं म्हणणं असं, की शहराचा सांगाडा टिकाऊ ठेवा आणि घरं पेशींसारखी बदलत राहू द्या. आता इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात, 2013 साली बांधलं, त्या देशात हे सुचावं यात नवल नाही. (मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला इथे नागसेनाचा रथ आठवतो. पण तो आज बाजूला ठेवू.)

केन्झो तांगे यांनी तर त्याच सुमारास टोक्योच्या उपसागरावरच शहर आखलं. पाण्यावर का? जमिनीवर आखायचं तर हजारो मालक आडवे येतात. समुद्राला सातबारा नसतो!

कुरोकावाचा नाकागिन मनोरा 1972 साली उभा राहिला. दोन खांबांना बोल्टांनी अडकवलेल्या 140 खोल्या, एकेक जेमतेम दहा चौरस मीटरची. पंचवीस वर्षांनी प्रत्येक खोली काढून नवी बसवायची, असं ठरलेलं. पन्नास वर्षांत एकही बदलली नाही. एक काढायची तर तिच्या वरच्या आधी काढाव्या लागत, आणि त्या दुसऱ्याच्या मालकीच्या! 2022 साली मनोरा पाडला. म्हणजे पेशी बदलता येतील अशी सोय कागदावर होती. बदलण्याची सत्ता एकट्या राहणाऱ्याकडे नव्हती. माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

आता आपल्याकडे या. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडलं, की मुंबईच्या दक्षिण टोकाला भराव घालत बसू नका, खाडीपलीकडे नवं शहर वसवा. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, कोरिया मुख्य वास्तुरचनाकार झाले. गंमत म्हणजे त्याच सुमारास पेरूमधल्या लिमा शहरात गरिबांसाठी वाढती घरं उभारण्याचा एक प्रकल्प चालू होता. तिथे कोरियांचीही घरं आहेत आणि किकुताके, माकी, कुरोकावा या त्रयीचीही.

कोरियांनी 1980 च्या दशकात बेलापूरला जी वसाहत केली, तिच्यात सात-सात घरं एका लहान अंगणाभोवती आहेत. भूखंड 45 ते 75 चौरस मीटरचे. आणि मुख्य मुद्दा : दोन घरांत सामाईक भिंत नाही. शेजाऱ्याला न विचारता तुम्ही खोली वाढवा, मजला चढवा. मनोऱ्यात जे साधलं नाही, ते एका भिंतीच्या निर्णयाने साधलं. आज तिथे गेलात तर कोरियांची कौलारू घरं थोडीच दिसतील. बाकी ठिकाणी सिमेंटचे दोन-तीन मजले. अभ्यासक हळहळतात. मी हळहळत नाही. घर वाढलं, तेच तर हवं होतं.

पण ही जमीन समुद्र नव्हती. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांची शेतं आणि मिठागरं होती. तिथे सातबारा होता, माणसं होती. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली ती माणसं लढली. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं, ते या लढ्यातून.

त्या गावठाणांमध्येही मुलं मोठी झाली, लग्नं झाली, खोल्या वाढल्या. बेलापूरच्या वसाहतीत अशा वाढीला वास्तुशास्त्राच्या पुस्तकात ‘वाढतं घर’ म्हणतात. शेजारच्या गावठाणात सरकारी कागदावर तिचं नाव ‘गरजेपोटी केलेलं अनधिकृत बांधकाम’ असं आहे, आणि ते नियमित करून घेण्यासाठी लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले.