आल्वा मिर्डाल आणि अणुस्फोटबंदीचा प्रश्न

इ. स. १९६२ च्या मार्च महिन्यांत जिनीव्हा येथें नि:शस्त्रीकरणाची परिषद भरली. निमंत्रित राष्ट्रें अठरा. पैकीं फ्रान्सनें आपली खुर्ची रिकामीच ठेविली. पांच राष्ट्रें अमेरिकेच्या गोटांतलीं, पांच रशियाच्या गोटांतलीं आणि उरलेलीं आठ कोणत्याच लष्करी गोटांत नसलेलीं. या आठांत हिंदुस्थान, ब्रह्मदेश, इजिप्त, मेक्सिको यांच्या पंक्तीस स्वीडनहि होता, व त्याच्या शिष्टमंडळाची धुरा आल्वा मिर्डाल या साठ वर्षांच्या बाईंकडे होती. ज्या वयांत माणसें पेन्शनीचा हिशेब मांडूं लागतात, त्या वयांत बाईंच्या खऱ्या कार्यास आरंभ झाला.

त्यांचा जन्म १९०२ सालीं उप्साला येथें झाला. १९२४ मध्यें गुन्नार मिर्डाल या अर्थशास्त्रज्ञाशीं विवाह. देशांतील घटत्या जन्मप्रमाणावर उभयतांनीं १९३४ त लिहिलेला ग्रंथ गाजला. आईबापांना उपदेश करण्यापेक्षां त्यांचा भार हलका करावा, असें त्याचें सांगणें होतें. पुढें संयुक्त राष्ट्रांच्या समाजकल्याण विभागांत व १९५० पासून युनेस्कोंत काम करून १९५५ मध्यें बाई स्वीडनच्या वकील म्हणून दिल्लीस आल्या आणि १९६१ पर्यंत तेथें राहिल्या. त्या वर्षीं परराष्ट्रमंत्री उंडेन यांनीं त्यांना नि:शस्त्रीकरणाच्या कामावर घेतलें.

जिनीव्हा येथील वादाचें मूळ असें. हवेंत किंवा पाण्याखालीं केलेला अणुस्फोट लपत नाहीं. पण जमिनीच्या पोटांत केलेला स्फोट आणि लहानसा भूकंप यांतील भेद ओळखावा कसा? अमेरिका म्हणे, आमचे निरीक्षक जागेवर जाऊन पाहतील. रशिया म्हणे, ही तर उघड हेरगिरी. एप्रिल १९६२ मध्यें आठ तटस्थ राष्ट्रांनीं तोड सुचविली: भूकंपमापकांच्या नोंदी शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाकडे याव्यात, आणि संशय आल्यास त्या राष्ट्राकडे खुलासा मागावा. १९६३ चा मॉस्कोचा करार झाला खरा, परंतु भूगर्भांतील स्फोट त्यांतून सुटले. बड्या राष्ट्रांना ती पळवाट हवीच होती, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

बाईंनीं हा प्रश्न सोडला नाहीं. मुत्सद्द्यांच्या वक्तृत्वापेक्षां त्यांचा भर मोजमापावर होता. भूकंपशास्त्रज्ञांचें साहाय्य घेऊन त्या परिषदेंत बोलत. स्फोटाचा धक्का चहूं दिशांना बाहेर लोटतो. भूकंपांत खडक एकमेकांवरून सरकतात, म्हणून कांहीं दिशांना दाब व कांहीं दिशांना ताण पडतो, आणि भूपृष्ठावरून जाणाऱ्या लाटा तुलनेनें जोरकस उमटतात. स्वीडनमध्यें हागफोर्स येथें यासाठीं वेधशाळा उभी राहिली. "ओळखतां येत नाहीं" ही सबब दिवसेंदिवस लंगडी पडूं लागली.

घरचा प्रश्न याहून नाजूक होता. स्वीडनच्या सेनापतींनीं १९५४ पासून स्वतःच्या अणुबाँबची मागणी मांडली होती, आणि तो बनविण्याजोगें ज्ञानहि देशांत होतें. दुसऱ्यास संयम शिकविणाऱ्या देशानें स्वतः काय करावें? अखेर १९६८ मध्यें स्वीडननें अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारावर सही केली. हिंदुस्थाननें मात्र तो विषम म्हणून नाकारला. ज्यांच्याजवळ बाँब आहेत त्यांच्यावर बंधन फार थोडें, हा त्यांतला दोष मिर्डालबाईहि उघडपणें दाखवीत. तरीहि सही करणें त्यांना इष्ट वाटलें.

१९६६ मध्यें स्टॉकहोम येथें शांतता-संशोधनाची संस्था निघाली. तिची योजना आखणाऱ्या समितीच्या प्रमुख बाईच होत्या, आणि संस्थेच्या पहिल्या अध्यक्षाहि त्याच. कोणत्या राष्ट्रानें शस्त्रांवर किती खर्च केला, याचे आंकडे ही संस्था सालोसाल छापूं लागली.

१९७३ मध्यें बाई जिनीव्हाच्या कामांतून निवृत्त झाल्या. बड्या राष्ट्रांनीं नि:शस्त्रीकरणाचा खेळ मांडला, हा आरोप त्यांनीं १९७६ च्या ग्रंथांत पुराव्यानिशीं केला. १९८२ चें शांततेचें नोबेल पारितोषिक त्यांना मेक्सिकोचे गार्सिया रोब्लेस यांच्यासह मिळालें. १९८६ मध्यें त्यांचें निधन झालें. भूगर्भांतील स्फोटांसह सर्व अणुस्फोटांना बंदी करणारा करार १९९६ सालीं संमत झाला, पण तो अद्याप अंमलांत आलेला नाहीं. त्याच्या देखरेखीसाठीं जगभर जीं भूकंपकेंद्रें नेमलीं गेलीं, त्यांत हागफोर्सचें नांव आहे.