फॉस्फरस-जबडा

पांढऱ्या (पिवळ्या) फॉस्फरसाच्या वाफांशी दीर्घकाळ संपर्क आल्याने जबड्याचे हाड मृत होणारा व्यावसायिक रोग. एकोणिसाव्या शतकात तो मुख्यत्वे आगकाड्यांच्या कारखान्यांतील कामगारांत आढळे.

फॉस्फरसाचा शोध हेनिंग ब्रांट यांनी हँबर्ग येथे १६६९ मध्ये लावला. या मूलद्रव्याचे पांढरे रूप अत्यंत विषारी असून सु. ३०° से. तापमानास हवेत आपोआप पेटते. म्हणून ते पाण्याखाली ठेवतात. १८३० च्या सुमारास शार्ल सोरिया यांनी ते आगकाडीच्या गुलात वापरले. कोणत्याही खरबरीत पृष्ठावर पेटणाऱ्या या स्वस्त काडीचा प्रसार झपाट्याने झाला.

रोगाचा प्रारंभ दातदुखीने होई. नंतर हिरड्या सुजणे, पू व असह्य दुर्गंधी आणि शेवटी हाड कुजणे असा क्रम असे. पुष्कळदा जबड्याचा भाग काढून टाकणे एवढाच उपाय उरे. किडलेला दात हा विषाचा प्रवेशमार्ग मानला जाई. व्हिएन्ना येथील एफ्. डब्ल्यू. लोरिन्सर यांनी १८४५ मध्ये या रोगाचे वर्णन केले.

त्याच दशकात व्हिएन्नातच आंटोन श्र्यॉटर यांनी तांबडा फॉस्फरस तयार केला. तो काडीऐवजी पेटीच्या बाजूस लावलेल्या सुरक्षित आगकाड्या स्वीडनमधील लुंडस्ट्रम बंधूंनी १८५५ च्या सुमारास प्रचारात आणल्या. अशा प्रकारे रोगाचे कारण व त्यावरील पर्याय ही दोन्ही ज्ञात होती. परंतु जुनी काडी स्वस्त व कोठेही पेटणारी असल्याने तिचे उत्पादन चालूच राहिले. फिनलंड (१८७२) व डेन्मार्क (१८७४) यांनी तिच्यावर बंदी घातली. लंडनच्या बो भागातील सु. १,४०० कामगारांनी, मुख्यत्वे स्त्रिया व मुलींनी, १८८८ मध्ये दंड व बडतर्फी यांविरुद्ध संप केला. पुढे भारतात कार्य केलेल्या ॲनी बेझंट यांच्या लेखनामुळे त्यांची स्थिती लोकांपुढे आली. कामाच्या जागीच जेवल्याने अन्नाबरोबर विषही पोटात जाई. म्हणून स्वतंत्र भोजनगृहाची तरतूद तडजोडीत समाविष्ट झाली.

फ्रान्समध्ये १८९८ मध्ये सेव्हेन व काएँ यांनी फॉस्फरस सेस्क्विसल्फाइडाचा गूल तयार केल्यावर कोठेही पेटणारी निर्धोक काडी शक्य झाली आणि विरोधाचे मुख्य कारण नाहीसे झाले. १९०६ च्या बर्न करारान्वये सात राष्ट्रांनी पांढऱ्या फॉस्फरसाच्या काड्यांवर बंदी मान्य केली. ब्रिटनने १९०८ मध्ये व भारताने १९१३ मध्ये तसे कायदे केले. घातक रसायनाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कामगार-कायद्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. मात्र रोगाचे वर्णन व हा करार यांत साठांहून अधिक वर्षे गेली.